डिफॉल्ट कोणाचं? लिनक्समधल्या फाइलसिस्टिम आणि माउंटच्या अटी



मागच्या व्याख्यानात आपण ‘माउंट करणं’ म्हणजे काय ते पाहिलं. लिनक्समध्ये विंडोजसारखी सी, डी, ई अशी निरनिराळी घरं नसतात. एकच झाड असतं, त्याला एकच मूळ, आणि प्रत्येक डिस्क, प्रत्येक पेनड्राइव्ह त्या झाडाच्या कुठल्या तरी फांदीवर आणून जोडावा लागतो. हे जोडणं म्हणजे माउंट. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. जोडायचं ते कोणत्या अटींवर? तिथे लिहिता येईल की नुसतं वाचता येईल? तिथल्या फायली कोणाच्या मालकीच्या धरायच्या? त्यातला प्रोग्रॅम चालू द्यायचा की नाही? या अटींना माउंट ऑप्शन्स म्हणतात, आपण त्यांना पर्याय म्हणू. आणि आपण काहीच सांगितलं नाही तर ज्या अटी आपोआप लागू होतात, त्या डिफॉल्ट.

एक छोटी सूचना. आज्ञा आणि फायलींची नावं आपण इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतो आहोत. संगणकावर ती रोमन लिपीत, बहुतेक ठिकाणी लहान अक्षरांत टाईप करायची असतात.

एक पेनड्राइव्ह, दोन दारं

समजा, तुमच्याकडे एक पेनड्राइव्ह आहे. त्यात घरातली जुनी पत्रं स्कॅन करून ठेवली आहेत, कॅसेटवरून उतरवलेली कीर्तनं आहेत, आणि फायलींना नावं दिली आहेत ती छान देवनागरीत. हा पेनड्राइव्ह व्हीफॅट प्रकारचा आहे. बाजारात मिळणारे लहान क्षमतेचे पेनड्राइव्ह बहुधा याच प्रकारचे असतात.

पहिलं दार असं. पेनड्राइव्ह लावला, पडद्यावर चित्र आलं, त्यावर क्लिक केलं. सगळी नावं नीट दिसली, फायली तुमच्याच नावावर दिसल्या, नवी फाइल ठेवता आली.

आता दुसरं दार. तोच पेनड्राइव्ह, तोच संगणक. फक्त या वेळी टर्मिनल उघडून सुडो माउंट ही आज्ञा दिली. कुठलं उपकरण आणि कुठल्या फोल्डरवर एवढंच सांगितलं, पर्याय एकही दिला नाही. जोडणी झाली. पण बघा काय होतं. सगळ्या फायलींचा मालक आता रूट, म्हणजे संगणकाचा मुख्य कारभारी. तुम्ही साधे वापरकर्ते, तुम्हाला वाचता येतं, लिहायला गेलात की परवानगी नाही. चाऊन या आज्ञेने मालक बदलायला गेलात तर तेही जमत नाही. आणि काही यंत्रणांवर देवनागरी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. ‘पत्र’ हे नाव संगणकाच्या लेखी चार चिन्हांचं: प, त, हलन्त, र. ‘फोटो’ हेही चार: फ, ओकार, ट, ओकार. दोन्ही नावं चार-चार प्रश्नचिन्हं होऊन बसतात. वेगळी ओळख असलेल्या दोन फायली एकाच तोंडवळ्याच्या दिसू लागतात.

पेनड्राइव्ह खराब झाला का? नाही. व्हायरस आला का? नाही. पेनड्राइव्ह तोच, कर्नल तोच, कर्नलमधला व्हीफॅट वाचणारा भागही तोच. बदललं ते एवढंच की अटी कोणी सांगितल्या. पहिल्या दाराने गेलो तेव्हा यूडिस्क्स नावाच्या सेवेने आपल्या वतीने पाच-सहा अटी सांगितल्या. दुसऱ्या दाराने गेलो तेव्हा कोणीच सांगितल्या नाहीत, म्हणून कर्नलच्या पोटात ज्या होत्या त्या लागू झाल्या.

आजच्या व्याख्यानात सांगायचं ते हेच. ‘काहीच न निवडणं’ अशी अवस्था मुळात नसते. मृत्युपत्र केलं नाही म्हणून मालमत्तेची वाटणी ठरलेली नाही असं होत नाही. ती १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आधीच ठरवून ठेवलेली असते, आपण वाचलेली नसते इतकंच. डिफॉल्टचंही तसंच. ती कोणीतरी, कुठेतरी, कोणत्या तरी काळजीपोटी केलेली निवड असते. ती आपल्या कामाची आहे की नाही हे ठरवायचं, तर ती कुठे लिहिली आहे हे आधी शोधावं लागतं.

‘डिफॉल्ट्स’ या शब्दात काय भरलंय

ज्यांनी लिनक्स थोडंफार हाताळलंय त्यांनी /इटीसी/एफएसटॅब ही फाइल पाहिली असेल. कायमच्या जोडण्यांची ही नोंदवही. एका ओळीत एक जोडणी, आणि प्रत्येक ओळीत सहा रकाने: कोणतं उपकरण, कुठे जोडायचं, फाइलसिस्टिमचा प्रकार, पर्याय, आणि शेवटी दोन आकडे. त्यातला चौथा रकाना आपल्या कामाचा. तिथे बहुतेक वेळा एकच शब्द दिसतो, ‘डिफॉल्ट्स’.

या एका शब्दात माउंटच्या नियमपुस्तिकेप्रमाणे सात गोष्टी येतात. आरडब्ल्यू, म्हणजे वाचणं-लिहिणं दोन्ही. एसयूआयडी, म्हणजे काही प्रोग्रॅमना चालवणाऱ्याऐवजी फायलीच्या मालकाचे अधिकार मिळतात, ती सोय चालू. डेव्ह, म्हणजे उपकरणं दर्शवणाऱ्या खास फायलींना मान्यता. एक्झेक, म्हणजे तिथले प्रोग्रॅम चालवता येतील. ऑटो, म्हणजे संगणक सुरू होताना जोडणी आपोआप. नोयूजर, म्हणजे साध्या वापरकर्त्याला जोडणी करता येणार नाही. आणि असिंक, म्हणजे लिहिलेला मजकूर आधी स्मृतीत ठेवून सवडीने डिस्कवर उतरवायचा.

पण तीच नियमपुस्तिका पुढे हेही सांगते की प्रत्यक्षात लागू होणाऱ्या अटी कर्नलवर आणि फाइलसिस्टिमच्या प्रकारावर अवलंबून असतात. म्हणजे सात गोष्टी या वरवरच्या, खाली आणखी थर आहेत. पडताळा सोपा आहे. फाइंडमाउंट ही आज्ञा द्या. एफएसटॅबमध्ये तुम्ही फक्त ‘डिफॉल्ट्स’ लिहिलंत, तरी तिथे रेलाटाइम नावाचा एक पर्याय दिसेल. सातांत तो नव्हता. मग आला कुठून?

त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. युनिक्सच्या परंपरेत प्रत्येक फायलीबरोबर ती शेवटची कधी वाचली त्याची वेळ नोंदवतात. ऐकायला निरुपद्रवी वाटतं. पण याचा अर्थ असा की नुसतं वाचलं तरी डिस्कवर लिहावं लागतं. हजार फायली चाळल्या की हजार नोंदी. हे टाळायला नोएटाइम हा पर्याय होता, पण नोंद पूर्ण बंद केली तर नवी टपाल वाचली की नाही हे त्या वेळेवरून ओळखणारे काही जुने प्रोग्रॅम गोंधळत. म्हणून मधला मार्ग निघाला, तो रेलाटाइम. आधीची वाचनवेळ फायलीतल्या शेवटच्या बदलाहून जुनी असेल किंवा चोवीस तासांपेक्षा जुनी असेल, तरच नवी नोंद करायची. २००९ मध्ये आलेल्या कर्नलच्या २.६.३० आवृत्तीपासून हेच डिफॉल्ट झालं.

आता यातली गंमत बघा. लोकांच्या एफएसटॅबमधला ‘डिफॉल्ट्स’ हा शब्द तसाच राहिला. एक अक्षर बदललं नाही. कर्नल बदलला आणि त्या शब्दाचा अर्थ बदलला. ‘डिफॉल्ट्स’ हे अटींचं नाव नव्हे. ‘त्या वेळी जे ठरलेलं असेल ते मला मान्य आहे’ असं लिहून दिलेलं ते संमतिपत्र आहे.

डिफॉल्ट राहतं कुठे?

आपल्याला प्रकारवार डिफॉल्ट ठरवायचे आहेत. म्हणजे ‘व्हीफॅट असेल तर असं, ईएक्सटी४ असेल तर तसं’. अनेकांची अपेक्षा असते की यासाठी एक मध्यवर्ती फाइल असेल. तशी ती नाही. एफएसटॅबमध्ये ‘सगळ्या व्हीफॅटना हे लावा’ असं लिहायला जागाच नाही, तिथे एक ओळ म्हणजे एक जोडणी. डिफॉल्ट निरनिराळ्या थरांत वाटलेले आहेत. ते खालून वर पाहू.

पहिला थर कर्नलचा. प्रत्येक फाइलसिस्टिमच्या ड्रायव्हरमध्ये काही अटी मुळातच घातलेल्या असतात. काही कर्नल बांधताना ठरतात, म्हणून एका वितरणात एक आणि दुसऱ्यात दुसरं असं होऊ शकतं. आपली प्रश्नचिन्हं इथलीच. व्हीफॅटमध्ये लांब नावं युनिकोडमध्येच साठवलेली असतात. पण ती पडद्यावर आणताना कोणत्या अक्षरसंचात उतरवायची, याचं कर्नलच्या मूळ स्रोतातलं डिफॉल्ट आयएसओ ८८५९-१ असं आहे. हा पश्चिम युरोपीय भाषांचा संच, त्यात देवनागरी नाही. जे उतरवता येत नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह. काही वितरणं कर्नल बांधताना हे बदलून घेतात, काही घेत नाहीत.

दुसरा थर खुद्द डिस्कवरचा. ईएक्सटी४ सारख्या फाइलसिस्टिममध्ये सुरुवातीला सुपरब्लॉक नावाचा एक भाग असतो. त्या डिस्कची जन्मपत्रिकाच म्हणा. तिच्यात ‘मला जोडाल तेव्हा या अटी धरा’ असं लिहून ठेवता येतं. ट्यून२एफएस या आज्ञेला लहान ‘एल’ हा पर्याय दिला की ही पत्रिका वाचता येते. ‘डिफॉल्ट माउंट ऑप्शन्स’ या ओळीत बहुधा यूझर_एक्सॲटर आणि एसीएल हे दोन शब्द दिसतील. लहान ‘ओ’ देऊन ते बदलता येतात. नव्याने बनवल्या जाणाऱ्या डिस्कांसाठी हेच /इटीसी/एमकेई२एफएस.कॉन्फ या फायलीत ठरवता येतं. या थराचा विशेष असा की अट डिस्कबरोबर प्रवास करते. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावली तरी पत्रिका तिच्याचजवळ.

तिसरा थर म्हणजे एफएसटॅब, त्याबद्दल बोललोच. तो संगणकाबरोबर राहतो, डिस्कबरोबर जात नाही.

चौथा थर यूडिस्क्सचा. गनोम किंवा केडीईसारख्या डेस्कटॉपवर आपण क्लिक करतो तेव्हा जोडणी ही सेवा करते. आणि प्रकारवार डिफॉल्ट खऱ्या अर्थाने इथे लिहिता येतात. यूडिस्क्सच्या २.९.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, /इटीसी/यूडिस्क्स२ या फोल्डरात माउंट_ऑप्शन्स.कॉन्फ नावाची फाइल ठेवता येते. नमुन्याची फाइल तिथेच शेजारी असते, नावाच्या शेवटी एक्झाम्पल असं लिहिलेली. तिच्यात चौकटी कंसात ‘डिफॉल्ट्स’ हा विभाग, आणि त्याखाली प्रकाराचं नाव घेऊन ओळी. व्हीफॅटसाठीची ओळ अशी सुरू होते: व्हीफॅट_डिफॉल्ट्स=यूआयडी=$यूआयडी,जीआयडी=$जीआयडी, आणि पुढे यूटीएफ८=१, शोएक्झेक, फ्लश वगैरे. डॉलरचं चिन्ह असलेल्या जागी ज्याने क्लिक केलं त्याचा क्रमांक आपोआप भरला जातो. पहिल्या दाराने फायली आपल्या नावावर का दिसल्या, नावं नीट का आली, याचं उत्तर या एका ओळीत आहे.

याच फायलीत दुसऱ्या प्रकारची ओळ असते, व्हीफॅट_अलाऊ. हा फरक नीट समजून घ्या. ‘डिफॉल्ट्स’ म्हणजे कोणी काही बोललं नाही तर काय होईल. ‘अलाऊ’ म्हणजे बोलायचंच ठरवलं तर काय काय बोलायची मुभा आहे. संस्था चालवणाऱ्या माणसाला हे दोन्ही वेगवेगळं ठरवावं लागतं.

बदल करताना एक पथ्य. नमुन्यातली पूर्ण ओळ उचलायची आणि तिच्यात फेरफार करायचा. फक्त आपल्याला हवा तो एक शब्द लिहून बाकीचं आपोआप राहील असं गृहीत धरायचं नाही.

नेटवर्कवरच्या एनएफएससाठी स्वतंत्र फाइल आहे, /इटीसी/एनएफएसमाउंट.कॉन्फ. तिच्यात सर्वांसाठी एक विभाग, विशिष्ट सर्व्हरसाठी दुसरा, विशिष्ट जागेसाठी तिसरा. जितकं नेमकं तितकं वरचढ, आणि आज्ञेतच दिलेला पर्याय सगळ्यांत वरचढ.

नियमांत भांडण झालं तर

आमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, त्यामुळे इथे आम्हाला व्याकरणशास्त्र आणि मीमांसा आठवल्याशिवाय राहत नाही. आपल्या परंपरेत नियमांचे दोन वर्ग केले: उत्सर्ग आणि अपवाद. उत्सर्ग म्हणजे सर्वसाधारण नियम, सगळीकडे पसरलेला. अपवाद म्हणजे ठराविक जागेपुरता विशेष नियम. दोघांची गाठ पडली की विशेष नियम जिंकतो. आणि सारख्या बळाचे दोन नियम आमनेसामने आले तर? पाणिनीने अष्टाध्यायीत व्यवस्था करून ठेवली आहे: नंतर येणारा नियम लागू.

माउंटच्या पर्यायांत हे दोन्ही न्याय जसेच्या तसे सापडतात. कर्नलचं डिफॉल्ट हा उत्सर्ग. त्याला सुपरब्लॉकमधली अट बाजूला सारते, तिला एफएसटॅब किंवा आज्ञेतला पर्याय. आणि एकाच ओळीत दोन विरोधी पर्याय आले तर उजवीकडचा, म्हणजे नंतरचा जिंकतो.

याचं नेहमी चकवणारं उदाहरण घ्या. ‘यूजर’ हा पर्याय साध्या वापरकर्त्याला जोडणी करू देतो. पण तो एकटा येत नाही, सुरक्षेसाठी नोएक्झेक, नोएसयूआयडी आणि नोडेव्ह हे तीन सोबती घेऊन येतो. आता कोणी लिहिलं ‘एक्झेक,यूजर’. त्याला वाटतं प्रोग्रॅम चालतील. चालत नाहीत. कारण ‘यूजर’ नंतर आला आणि आपल्याबरोबरच्या नोएक्झेकने आधीचा एक्झेक पुसला. ‘यूजर,एक्झेक’ असं लिहिलं की काम होतं. शब्द तेच, क्रम बदलला, अर्थ बदलला.

आणखी एक बारकावा. आज्ञेत तुम्ही फक्त फोल्डरचं नाव दिलंत तर माउंट एफएसटॅब उघडून बाकीचं तिथून घेतं. पण उपकरण आणि फोल्डर दोन्ही दिलीत, तर एफएसटॅब वाचलंच जात नाही. ‘मी तर तिथे लिहून ठेवलंय’ ही तक्रार बऱ्याचदा इथे जन्म घेते.

प्रकारानुसार काय ठरवावं

ईएक्सटी४. संगणकाच्या आतल्या डिस्कला ‘डिफॉल्ट्स’ बहुधा पुरेसं असतं. विचार करण्यासारखी गोष्ट एकच, एरर्स हा पर्याय. डिस्कवरच्या रचनेत दोष आढळला तर काय करायचं? तीन उत्तरं आहेत: तसंच चालू ठेव, फक्त वाचनापुरतं कर, किंवा संगणकच थांबव. डिस्क बनवताना वेगळं सांगितलं नाही तर पत्रिकेत ‘चालू ठेव’ असं लिहिलं जातं. डेबियनचा इन्स्टॉलर मात्र मुख्य डिस्कसाठी एफएसटॅबमध्ये एरर्स=रीमाउंट-आरओ असं स्वतः लिहून देतो. ज्या डिस्कवर तुमचं मोलाचं साहित्य आहे तिलाही हेच लावावं असं आम्ही म्हणू. दोष दिसल्यावर लिहीत राहणं म्हणजे गळणाऱ्या हंड्यात पाणी भरत राहणं.

व्हीफॅट आणि एक्सफॅट. यांच्यात मालक आणि परवानगी ही कल्पनाच नाही. साठवलेलीच नाही, तर चाऊन बदलणार काय? म्हणून ती जोडताना बाहेरून घालावी लागते: यूआयडी आणि जीआयडीने मालक, डीमास्कने फोल्डरांच्या परवानग्या, एफमास्कने फायलींच्या. मास्क ही नकाराची भाषा आहे, हं. काय द्यायचं ते नाही, काय काढून घ्यायचं ते सांगायचं. डीमास्क=०२२ म्हणजे फोल्डरांना ७५५, एफमास्क=१३३ म्हणजे फायलींना ६४४.

देवनागरी नावांसाठी व्हीफॅटला ‘यूटीएफ८’ हा पर्याय द्यावा. ‘आयओकॅरसेट=यूटीएफ८’ असाही एक पर्याय दिसतो, पण व्हीफॅटसाठी तो घेऊ नये अशी कर्नलच्या दस्तऐवजातच सूचना आहे, कारण त्याने लहान-मोठ्या रोमन अक्षरांतला भेद बिघडतो. एक्सफॅटचा ड्रायव्हर २०२० मध्ये ५.७ या कर्नलमध्ये नीट रुजू झाला, त्याचं मूळ डिफॉल्टच यूटीएफ८ आहे. दहा वर्षांनी धाकट्या भावाच्या नावनोंदणीत सुधारणा व्हावी, तसं हे.

आणि प्रश्नचिन्हं दिसलीच तर घाबरून जाऊ नका. पेनड्राइव्हवरची नावं शाबूत असतात, बिघाड दाखवण्यात आहे. तिथून प्रत काढण्याची, नावं बदलण्याची घाई मात्र अजिबात करू नका. जोडणी सोडवा, ‘यूटीएफ८’ देऊन पुन्हा जोडा, पत्र पुन्हा पत्र दिसेल आणि फोटो फोटो.

कॅमेऱ्याच्या कार्डाबद्दल एक वाक्य. फॅटमध्ये वेळ स्थानिक घड्याळाप्रमाणे लिहिलेली असते, कोणत्या देशाची ते लिहिलेलं नसतं. परदेशी वेळेवर लावलेल्या संगणकात भारतातल्या फोटोंच्या वेळा सरकलेल्या दिसल्या, तर टाइम_ऑफसेट=३३० द्यावं. साडेपाच तासांची ती मिनिटं.

एनटीएफएस. विंडोजच्या डिस्का. इथे दोन ड्रायव्हर आहेत: बाहेरून चालणारा एनटीएफएस-३जी, आणि २०२१ मध्ये ५.१५ या कर्नलमध्ये आलेला एनटीएफएस३. दोघांची पर्यायांची यादी वेगळी. म्हणून आधी फाइंडमाउंटमध्ये प्रकाराचा रकाना पाहावा. ‘फ्यूजबीएलके’ दिसलं तर पहिला, ‘एनटीएफएस३’ दिसलं तर दुसरा.

टीएमपीएफएस. ही डिस्क नव्हे, स्मृतीतच थाटलेलं फोल्डर. मर्यादा दिली नाही तर उपलब्ध रॅमच्या निम्म्यापर्यंत ते वाढू शकतं. कमी रॅमच्या यंत्रावर ‘साइझ’ हा पर्याय जरूर द्यावा. वीज गेली की यातलं सगळं गेलं, हे वेगळं सांगायला नको.

एनएफएस. इथे निवड हार्ड की सॉफ्ट अशी असते. सर्व्हर बोलेनासा झाला तर हार्ड वाट पाहत राहतं, सॉफ्ट काही वेळाने हात वर करतं आणि प्रोग्रॅमला चूक कळवतं. वाट पाहणं कंटाळवाणं म्हणून लोक सॉफ्ट निवडतात. पण चुकीची दखल न घेणारा प्रोग्रॅम असेल तर मजकूर अर्धवट लिहिला जातो आणि कोणाला कळतही नाही. डिफॉल्ट हार्ड आहे ते याच काळजीपोटी. बॅकअपच्या जागेला तर ते बदलूच नये.

बदल करण्याची रीत

एफएसटॅब बदलण्याआधी त्याची प्रत काढा. मग ओळ लिहा. उदाहरणार्थ, घरच्या दुसऱ्या डिस्कसाठी चौथ्या रकान्यात: डिफॉल्ट्स,नोएटाइम,नोफेल. यातला ‘नोफेल’ महत्त्वाचा. तो नसेल आणि एखाद्या दिवशी ती डिस्क लावलेली नसेल, तर सिस्टिमडी वापरणारा संगणक सुरू होताना नव्वद सेकंद तिची वाट पाहतो आणि मग आणीबाणीच्या अवस्थेत जाऊन थांबतो. बाहेरच्या एका डिस्कपायी अख्खं यंत्र अडून बसतं. ‘नोफेल’ म्हणजे ‘आली तर ठीक, नाही आली तर पुढे चला’.

मग फाइंडमाउंट --व्हेरिफाय ही आज्ञा द्या, ती लिहिण्यातल्या चुका दाखवते. सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड करा. मग माउंट -ए. मात्र आधीच जोडलेल्या जागेला माउंट -ए हात लावत नाही, तिथे माउंट -ओ रीमाउंट आणि फोल्डरचं नाव. शेवटी पुन्हा फाइंडमाउंट, आणि जे लिहिलं तेच लागू झालं का ते डोळ्यांनी पाहायचं. ईएक्सटी४ मात्र इथे स्वतःचे डिफॉल्ट पर्याय दाखवत नाही. पूर्ण यादी हवी तर /प्रॉक/एफएस/ईएक्सटी४ या फोल्डरात त्या उपकरणाच्या नावाखाली ‘ऑप्शन्स’ ही फाइल असते. संगणक बंद करून उद्या सुरू करण्याआधी एवढं करावं. उद्या आणीबाणीच्या पडद्यासमोर बसण्यापेक्षा आजची पाच मिनिटं स्वस्त.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: सर, पेनड्राइव्हवर कॉपी पूर्ण झाली असं दिसतं, काढला की फाइल अर्धवट. मग सगळ्यांना ‘सिंक’च का लावू नये?

उत्तर: कारण आपण पाहिलेला असिंक. पट्टी पूर्ण झाली म्हणजे मजकूर स्मृतीत पोचला, पेनड्राइव्हवर पोचलाच असं नाही. ‘सिंक’ने प्रत्येक लिहिणं लगेच उतरतं, हे खरं. पण वेग फार पडतो आणि फ्लॅश स्मृतीच्या लिहिण्याच्या फेऱ्या मर्यादित असल्याने तिचं आयुष्यही कमी होऊ शकतं. व्हीफॅटचा ‘फ्लश’ हा मधला मार्ग, तो नेहमीपेक्षा लवकर मजकूर उतरवतो. पण कोणताही पर्याय दिला तरी ‘सुरक्षितपणे काढा’ हे बटण दाबायची सवय सोडू नये. सवयीला पर्याय नाही.

प्रश्न: नोएक्झेक लावलं की पेनड्राइव्हवरून काहीच चालणार नाही ना?

उत्तर: थेट चालणार नाही. पण स्क्रिप्ट ही फाइल एखाद्या दुभाष्याला वाचायला दिली, म्हणजे एसएच किंवा पायथॉनच्या पुढे तिचं नाव लिहिलं, तर तो ती वाचून चालवतो. नोएक्झेक हा दाराचा आडणा आहे, तटबंदी नव्हे. लावावा, पण त्याच्या भरवशावर झोपू नये. नोएसयूआयडी आणि नोडेव्ह हे दोन मात्र बाहेरून येणाऱ्या प्रत्येक डिस्कला हवेतच. यूडिस्क्स ते स्वतःहून लावतं, हाताने माउंट करताना आपण लावायचे.

प्रश्न: घरी साधा वापर आहे. आम्ही यातलं काही बदलायलाच हवं का?

उत्तर: बहुतेकांना नको. ही डिफॉल्ट जाणकार माणसांनी विचार करून ठरवलेली आहेत. पण त्यांनी विचार केला तो सर्वसाधारण माणसाचा. तुमच्या आजीच्या पत्रांची नावं देवनागरीत आहेत, तुमची बॅकअपची डिस्क दर रविवारीच लावली जाते, हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नाही. तेवढा अपवाद लिहिण्याची जबाबदारी आपली. बदलू नका हवं तर, पण आज घरी गेल्यावर एकदा फाइंडमाउंट देऊन पाहा आणि दिसणाऱ्या प्रत्येक शब्दाला विचारा, ‘तू कुठून आलास?’ उत्तर मिळालं की संमती आपली. तोवर ती उसनी.

पुढच्या व्याख्यानात आपण परवानग्या आणि एसीएल यांच्याकडे वळू.